गुरूने सोडायलाही शिकावे

एखादा खेळाडू जगज्जेता झाला म्हणजे त्याच्या बालपणाच्या कथा सांगण्याची चढाओढ सुरू होते. या कथांचे आपल्याकडे दोन ठरलेले साचे आहेत. पहिला साचा 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' हा. मूल जन्मतःच असामान्य होते, इतरांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. दुसरा साचा त्यागाचा. बापाने जमीन विकली, आईने दागिने गहाण टाकले आणि मुलाने पुढे त्यांचे पांग फेडले. दोन्ही कथा ऐकायला गोड लागतात आणि पारितोषिक-वितरणाच्या भाषणात प्रमुख पाहुण्यांना त्या फार उपयोगी पडतात. परंतु या दोन्ही साच्यांत एका माणसाला जागा नसते. तो माणूस म्हणजे पहिला शिक्षक. ज्याने मुलाच्या हातात प्रथम रॅकेट दिली, उभे कसे राहायचे ते दाखवले, त्याच्या वाट्याला चरित्राच्या पहिल्या प्रकरणातील एखादा परिच्छेद येतो आणि पुढे तो दिसेनासा होतो.

नोव्हाक जोकोविच या टेनिसपटूच्या उदयाची कथा मला या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. त्याने किती स्पर्धा जिंकल्या याची मोजदाद वर्तमानपत्रांनी पुष्कळ केली आहे, ती येथे पुन्हा करण्यात अर्थ नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या पहिल्या शिक्षिकेविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्या सर्वांविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे : शिक्षकाची परीक्षा तो काय शिकवतो यात जेवढी होते, तेवढीच तो शिष्याला केव्हा आणि कसा सोडतो यात होते. या दुसऱ्या परीक्षेत आपल्याकडची पुष्कळ मोठी माणसे नापास होतात.

या बाईंचे नाव येलेना गेन्चिच. त्यांचा जन्म 1936 सालचा, बेलग्रेडचा. त्या टेनिस तर खेळतच, पण हँडबॉलमध्येही त्या युगोस्लाव्हियाच्या संघातून खेळल्या. 1957 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात त्या होत्या. पुढे त्यांनी बेलग्रेडच्या दूरचित्रवाणीवर नोकरी केली, तीही कला व संस्कृतीच्या कार्यक्रमांत. म्हणजे खेळ आणि कला ही दोन दालने एकाच घरात असलेली ही बाई. आपल्याकडे 'खेळणारा तो अभ्यासात कच्चा आणि वाचणारा तो मैदानावर कच्चा' अशी जी सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे, ती या बाईंना ठाऊक नव्हती. मोनिका सेलेस आणि गोरान इव्हानिसेविच हे दोघेही लहानपणी त्यांच्या हाताखालून गेले होते.

1993 च्या उन्हाळ्यात कोपाओनिक या डोंगरावर त्यांनी मुलांचे टेनिस शिबिर भरवले होते. कोपाओनिक हे बर्फावर घसरण्याच्या खेळाचे ठिकाण. तेथे सर्जान व दियाना जोकोविच हे दांपत्य खाण्यापिण्याचे लहानसे दुकान चालवी. वडिलांच्या घराण्यात सगळे बर्फावर घसरणारे, टेनिसशी कोणाचा संबंध नव्हता. दुकानासमोरच टेनिसची कोर्टे झाली आणि सहा वर्षांचा नोव्हाक कुंपणाच्या जाळीला चिकटून तासन्‌तास पाहत उभा राहू लागला. गेन्चिचबाईंनी त्याला पाहिले, खेळायचे आहे का म्हणून विचारले आणि दुसऱ्या दिवशी बोलावले.

दुसऱ्या दिवशी हा मुलगा वेळेआधी हजर झाला. त्याच्याजवळ पिशवी होती. तीत रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, केळे, जादा शर्ट, मनगटाला बांधायची पट्टी असे सारे नीट लावून ठेवलेले होते. आईने भरून दिली का, असे बाईंनी विचारले. त्यावर आपणच भरली, मोठे खेळाडू काय काय घेऊन येतात ते टीव्हीवर पाहिले आहे, असे त्याने सांगितले. ही हकीकत बाईंनी पुढे अनेकदा सांगितली. थोड्याच दिवसांत त्या आईबापांकडे गेल्या आणि तुमचा मुलगा सोन्याचा आहे, सेलेसनंतर असा मी पाहिला नाही, असे त्यांना सांगून आल्या.

येथे 'पाळण्यातले पाय' म्हणून टाळी घेता येईल. पण जरा थांबून विचार केला पाहिजे. पिशवी नीट भरणारी मुले गावोगाव असतात. त्या पिशवीकडे पाहून तिचा अर्थ लावणारे डोळे दुर्मीळ असतात. मुलाचा फटका जोरकस आहे हे कोणालाही दिसते. परंतु तो मुलगा खेळाकडे काम म्हणून पाहतो आहे, हे त्याच्या केळ्यावरून आणि टॉवेलवरून ओळखायला शिक्षकाजवळ काही निराळे असावे लागते.

पुढची सहा वर्षे हा मुलगा त्यांच्या हाताखाली होता. या सहा वर्षांत त्यांनी काय केले, हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. नोव्हाकचा आदर्श होता पीट सॅम्प्रस, आणि सॅम्प्रस बॅकहँड एका हाताने मारी. मुलाला मात्र दोन हातांनी मारताना जास्त ताकद वाटे. बाईंनी त्याला दोन हातांनी मारू दिले. आज टेनिस जाणणारे ज्या फटक्याचे कौतुक करताना थकत नाहीत, तो फटका असा एका सहा-सात वर्षांच्या मुलाचे म्हणणे ऐकून घेतल्यामुळे टिकला. 'मी सांगतो तसेच धर' असे म्हणणारा एखादा शिस्तप्रिय गुरुजी तेथे असता तर काय झाले असते याची कल्पना करावी.

मैदानावरचे शिक्षण हे अर्धेच होते. बाई त्याला घरी नेत, मोठ्या खेळाडूंच्या सामन्यांच्या फिती दाखवत आणि त्याचबरोबर अभिजात पाश्चात्त्य संगीत ऐकवत, कविता वाचायला लावत. त्चायकोव्हस्कीची '1812' ही रचना ऐकवून, ऐकताना अंगात जे उसळते ते लक्षात ठेव, सामन्यात अडचणीत आलास की ते आठव, असे त्या सांगत. इंग्रजी आणि जर्मन शिकण्याचा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी घराबाहेर न पडलेल्या मुलाला जर्मनचा काय उपयोग, असे कोणीही म्हणाले असते. याचे उत्तर पुढे मिळाले. आपल्याला हा मुलगा सोडून जाणार आहे आणि गेला पाहिजे, हे बाईंच्या मनात फार लवकर पक्के झाले असले पाहिजे. एरवी आपल्या हाताखालच्या मुलाला परक्या देशाची भाषा कोण शिकवतो?

आता काळ कसा होता तेही पाहिले पाहिजे. 1992 पासून युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांचे आर्थिक निर्बंध होते. पैशाची किंमत उरली नव्हती. मुलाच्या स्पर्धांसाठी वडिलांनी जबर व्याजाने कर्ज काढले. एकदा त्यांनी घरच्यांसमोर टेबलावर दहा जर्मन मार्क ठेवले आणि एवढेच उरले आहेत असे सांगितले, ही आठवण नोव्हाकनेच सांगितली आहे. 1999 च्या 24 मार्चला नाटोचे बॉम्बहल्ले सुरू झाले आणि ते 78 दिवस चालले. रात्री आजोबांच्या इमारतीच्या तळघरात काढायच्या आणि दिवसा टेनिस खेळायचे. जेथे नुकताच बॉम्ब पडला आहे तेथे लगेच दुसरा पडणार नाही, या हिशेबाने सरावाची जागा ठरवायची. त्या 22 मे रोजी त्याला बारावे वर्ष पूर्ण झाले. त्याच पिढीतली आना इव्हानोविच ही मुलगी बेलग्रेडमध्येच हिवाळ्यात पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात सतरंजीवर सराव करीत होती. पुढे 2008 साली ती फ्रेंच स्पर्धा जिंकून जगात पहिली झाली.

या हलाखीचे कौतुक करण्याचा मोह मी टाळतो. बॉम्ब पडल्याने खेळाडू घडत नाहीत, नाहीतर जगातील प्रत्येक युद्धभूमीवर टेनिसपटू उगवले असते. त्या 78 दिवसांत महत्त्वाची गोष्ट एवढीच की बाईंनी सराव बंद पडू दिला नाही. शाळा बंद होत्या, स्पर्धा नव्हत्या, उद्याचा भरवसा नव्हता आणि तरी एक बाई रोज एका मुलाला चेंडू टाकत होती.

आता येतो तो माझ्या दृष्टीने या कथेचा मध्यबिंदू. हल्ले जूनमध्ये थांबले. मुलगा बारा वर्षांचा, देशात आपल्या वयोगटात चमकणारा. कोणत्याही शिक्षकाने छातीशी धरून ठेवावा असा शिष्य. याच वेळी गेन्चिचबाईंनी म्यूनिकजवळ टेनिसची प्रबोधिनी चालवणाऱ्या निकी पिलिच यांना फोन केला. पिलिच हे स्वतः 1973 च्या फ्रेंच स्पर्धेचे उपविजेते. चौदा वर्षांखालील मुले आपण घेत नाही, असे त्यांनी सांगितले. बाईंनी हट्ट धरला, आणि 1999 च्या सप्टेंबरात नोव्हाक जर्मनीला गेला. बाईंनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा शिष्य असा स्वतःच्या हाताने, स्वतः खटपट करून, दुसऱ्याच्या स्वाधीन केला.

पिलिच यांनी सांगितलेली एक हकीकत आहे. तेरा वर्षांच्या नोव्हाकला सरावासाठी जी वेळ दिली होती तिच्या वीस मिनिटे आधीच तो येऊन अंग मोकळे करताना दिसला. कारण विचारले तेव्हा आपल्या कारकिर्दीला धोका पोहोचू द्यायचा नाही, असे तो गंभीरपणे म्हणाला. या उत्तराला सगळे हसतात. मला त्यात कोपाओनिकच्या डोंगरावरची ती पिशवी दिसते. सहाव्या वर्षी जे ओळखले गेले आणि जपले गेले, तेच तेराव्या वर्षी दुसऱ्या गुरूच्या अंगणात उभे होते.

त्यानंतरचा चढाव भरभर सांगता येईल. 2003 साली तो व्यावसायिक झाला. 2005 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पहिल्याच फेरीत मरात साफिनने त्याला धूळ चारली. 2006 साली मारियन वायदा त्याचे प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी त्याने पहिले विजेतेपद मिळवले. 2007 साली माँट्रियलला त्याने एकाच स्पर्धेत रॉडिक, नदाल आणि फेडरर या तिघांना हरवले. 2008 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात त्याने फेडररचा सरळ तीन सेटमध्ये पराभव केला आणि अंतिम सामन्यात त्सोंगाला हरवले. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. 4 जुलै 2011 रोजी तो जगात पहिल्या क्रमांकावर आला. येथे उदय संपतो आणि राज्य सुरू होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की वडिलांनी कर्ज काढले नसते तर बाईंची ओळख आणि पिलिच यांची प्रबोधिनी दोन्ही फुकट गेली असती. हे खरे आहे. परंतु वडिलांचे कर्ज कशाच्या भरवशावर होते? स्वतः टेनिस न जाणणाऱ्या माणसाने एका जाणत्या शिक्षिकेच्या शब्दावर ते काढले. शिवाय त्याच घरात मार्को आणि जॉर्जे हे दोघे धाकटे भाऊ होते. तेही टेनिस खेळले. आईबाप तेच, आडनाव तेच, आणि थोरल्याचे उदाहरण समोर असूनही ते दोघे त्या उंचीला पोहोचले नाहीत. म्हणून ज्या पालकांना ही कथा वाचून मुलासाठी घर विकावेसे वाटेल, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की आधी आपल्या मुलाला खरेखुरे पाहणारा शिक्षक शोधा.

दुसरा आक्षेप असा की सोडून देणे हे गरिबीचे लक्षण आहे, बाईंजवळ साधने असती तर त्यांनी कशाला सोडले असते? हा आक्षेप मला पटत नाही. साधने नसलेली माणसेही शिष्यांना घट्ट धरून ठेवतात, उलट तीच अधिक घट्ट धरतात, कारण त्यांच्याजवळ मिरवायला दुसरे काही नसते.

आणि येथे मला आपल्याकडे वळले पाहिजे. आपल्या देशात उत्तम क्रीडाशिक्षकाला 1985 पासून जो पुरस्कार दिला जातो त्याचे नाव 'द्रोणाचार्य' आहे. द्रोणाचार्यांनी अर्जुन घडवला हे खरे, पण एकलव्याचा अंगठा मागितला हेही तितकेच खरे. अंगठा मागण्याची ही परंपरा आपल्या शाळा-महाविद्यालयांतून अजून सुखाने नांदते आहे. तिचे रूप तेवढे सौम्य झाले आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी लांब उडी फार चांगली मारीत असे. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगला प्रशिक्षक होता, राहण्याची सोयही होण्यासारखी होती. पण ती गेली तर शाळेची ढाल जाईल, म्हणून दाखला द्यायला आज-उद्या करीत वर्ष काढले गेले. पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरले. कोणी तिच्यावर अन्याय केला असे कोणालाच वाटले नाही, कारण त्या वर्षी ढाल शाळेतच राहिली.

महाविद्यालयांची गोष्ट निराळी नाही. कोणत्याही नियतकालिकातला जिमखान्याचा अहवाल उघडून पाहावा, मग तो मराठी विभागातला असो की कन्नड विभागातला. त्यात आंतर-महाविद्यालयीन ढाली असतात, फिजिकल डायरेक्टरांसह काढलेली छायाचित्रे असतात. परंतु अमुक मुलाला आमच्याकडे शिकवण्याजोगे उरले नाही म्हणून आम्ही त्याला अमुक ठिकाणी पाठवले, असे वाक्य मी आजवर एकाही अहवालात वाचलेले नाही. सरावासाठी परगावी गेलेल्या मुलाची हजेरी कापली जाते आणि तो जिंकून आला की फलकावर त्याचे नाव प्रथम लिहिले जाते. हे केवळ मैदानापुरते नाही. आपल्या विषयातला हुशार विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जातो म्हणाला की मनातून खट्टू होणारे प्राध्यापक आपण पाहतो. 'माझा विद्यार्थी' या शब्दांतला 'माझा' जरा जड झालेला असतो.

आपल्याकडे दुसरी परंपरा नाही असे मात्र नाही. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांच्याजवळ पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीतले कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आरंभी मी गहाणाच्या कथांना साचा म्हटले, पण ही कथा त्या साच्यात बसत नाही. येथे घर गहाण टाकणारा बाप नव्हता, शिक्षक होता. ज्या पदकाच्या अंतरावर तो स्वतः कधी पोहोचणार नव्हता, तेथवर जाण्याचे भाडे त्याने भरले. बेलग्रेडच्या बाई आणि कोल्हापूरचे प्राचार्य यांची भेट झाली असती तर त्यांना एकमेकांना फारसे समजावून सांगावे लागले नसते.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येतील. एक, जिमखान्याच्या अहवालात ढालींच्या यादीबरोबर 'पुढे पाठवलेले विद्यार्थी' असे एक सदर असावे आणि ज्या शिक्षकाने पाठवले त्याचे नाव तेथे छापावे. दुसरी, मान्य प्रशिक्षणासाठी बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्याची हजेरी हा दयेचा विषय न राहता नियमाचा विषय व्हावा. तिसरी गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांची. आपल्याला पुढे पाठवणाऱ्या पहिल्या शिक्षकाला विसरणे, हाही एक प्रकारे अंगठा कापणेच आहे.

1 जून 2013 रोजी गेन्चिचबाई वारल्या. त्या दिवशी नोव्हाक पॅरिसला फ्रेंच स्पर्धेत खेळत होता. सामना होईपर्यंत त्याच्या माणसांनी त्याला बातमी कळू दिली नाही. कळल्यावर तो वार्ताहरांसमोर येऊ शकला नाही. बाईंनी त्याला पिलिच यांच्याकडे पाठवून तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. मधल्या काळात त्याने कितीतरी प्रशिक्षक पाहिले, सारे जग पाहिले. चौदा वर्षांपूर्वी ज्याला सोडले तो शिष्य मनाने सुटलेला नव्हता. धरून ठेवणाऱ्या गुरूंच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. आपल्या प्राध्यापकांनी आणि उद्या शिक्षक होणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी याचा अवश्य विचार करावा.